पायवाटा वाचणारा पंडित

पनवेल मागे टाकून पूर्वेकडे निघाले की सह्याद्रीची निळसर भिंत समोर उभी राहते. खोपोलीपाशी सपाट मुलूख संपतो, बोरघाटाची चढण लागते आणि लोणावळ्यापलीकडे गेल्यावर डाव्या हाताच्या डोंगरात कार्ल्याची लेणी दिसू लागतात. चैत्र महिना आला की याच वाटेने आगरी आणि कोळी बांधवांच्या पालख्या घाट चढतात. मुंबई, ठाणे, उरण येथून लोक येतात. तसेच आज नवी मुंबईच्या उंच इमारतींनी वेढलेल्या दिवाळे, सारसोळे यांसारख्या जुन्या गावांतूनही येतात. त्यांचे वाडवडील खाडीत जाळे टाकून, मिठागरात राबून आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवून जगत आले. या सर्वांची आराध्यदेवता म्हणजे कार्ल्याची एकवीरा आई.

या नेहमीच्या दृश्यात एक कोडे दडलेले आहे. समुद्रकाठच्या लोकांची देवी समुद्रकाठी न राहता घाटमाथ्यावर का राहिली? आणि तिचे देऊळ नेमके बौद्ध भिक्षूंनी कोरविलेल्या भव्य चैत्यगृहाच्या दाराशीच का उभे राहिले? बहुतेक लोक दर्शन घेतात, लेणी पाहतात आणि घरी परततात. परंतु अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी डोंगरदऱ्या पायाखाली घालणारा एक विलक्षण पंडित महाराष्ट्रात होऊन गेला. तो मूळचा इतिहासकार नव्हता; तो होता गणिती. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर अभ्यासक होते. बुद्धाचा उपदेश मूळ ग्रंथांतून जाणून घ्यावा या एकाच ध्यासाने धर्मानंद तरुणपणी घराबाहेर पडले. जवळ पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही, अशा स्थितीत ते नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथे गेले आणि अपार कष्ट सोसून त्यांनी विद्या मिळविली. ज्ञान हवे असेल तर ते जिथे असेल तिथवर आपण चालत गेले पाहिजे, हा धडा दामोदरांना घरातच मिळाला. वडिलांनी तो धर्मग्रंथांसाठी आचरला. मुलाने पुढे तोच दगडधोंड्यांसाठी आचरला.

दामोदरांचे आरंभीचे शिक्षण पुण्यास झाले. १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले. तेथील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनासाठी धर्मानंदांना बोलावणे आले होते. शाळेत असल्यापासूनच दामोदरांची बुद्धी सर्वांच्या डोळ्यांत भरे. गणित तर त्यांना आवडेच. पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा अनेक भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. वाचनाइतकाच छंद होता तो दूरदूर पायी भटकण्याचा. १९२९ साली हार्वर्डमधून अत्युच्च सन्मानासह पदवी घेऊन ते मायदेशी परतले.

परत आल्यावर त्यांनी प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर अलीगढ येथे गणित शिकविले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे त्यांनी अध्यापन केले. १९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठी टाटा संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांनी कोसंबींना आवर्जून बोलावून घेतले. संस्था मुंबईत, घर पुण्यात. त्यामुळे सकाळी ‘दख्खनची राणी’ या गाडीने मुंबईस जावे आणि त्याच गाडीने संध्याकाळी परतावे, असा क्रम त्यांनी पुष्कळ वर्षे चालविला. दररोज दोन वेळा बोरघाटातून जाणाऱ्या या प्रवाशाने त्या घाटाचा जितका विचार केला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणी केला असेल.

गणिताचा हा प्राध्यापक इतिहासाकडे वळला कसा, याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. गणितातील संख्याशास्त्र नावाची शाखा प्रत्यक्ष व्यवहारात लावून पाहावी, अशी इच्छा त्यांना झाली. त्यासाठी त्यांनी निवडली प्राचीन काळची चांदीची आहत नाणी. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. केवळ ठशांच्या खुणा आहेत. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ओळखावे कसे? कोसंबींनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली. नाणे हातोहात फिरते, तेव्हा ते थोडे थोडे झिजते आणि त्याचे वजन घटते. जितके अधिक वर्षे ते बाजारात फिरले, तितकी त्याची झीज अधिक. त्यांनी हजारो नाणी अतिशय नाजूक तराजूवर एक एक करून तोलली. आपला हिशेब खरा उतरतो की नाही हे पडताळण्यासाठी रोजच्या व्यवहारातील आधुनिक नाणीही तोलली. मुक्या नाण्यांनी आपला क्रम आपणच सांगितला!

परंतु एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न दारात उभा राहतो. ही नाणी पाडली कोणी? ती वापरणारे लोक कसे राहत होते? यासाठी संस्कृत ग्रंथ वाचणे आले. कोसंबी संस्कृतच्या अभ्यासात शिरले, तेही वरवर नव्हे. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते एकमेकांशी ताडून त्यांनी १९४८ साली त्या काव्याची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. कोणते श्लोक मूळचे आणि कोणते मागाहून घुसलेले, याचा त्यांनी एखाद्या न्यायाधीशाच्या काटेकोरपणाने निवाडा केला. तथापि, ग्रंथांचा हा सागर धुंडाळल्यावर त्यांच्या लक्षात एक उणीव आली. ग्रंथ लिहिले ते राजे, पंडित आणि धनिक यांच्यासाठी. शेत नांगरणारा, मेंढ्या राखणारा, मासे धरणारा, रानात कंद खणणारा माणूस त्यांत जवळजवळ कोठेच नाही. मग ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, त्यांना इतिहास नाही काय?

त्यांना इतिहास आहे, असे कोसंबींचे मत बनले. मात्र तो पोथीत नाही. तो त्यांच्या देवांत, त्यांच्या कथांत, त्यांच्या यात्रांत आणि त्यांच्या पायवाटांत आहे. तो वाचायचा तर ग्रंथालयातून उठून रानात गेले पाहिजे.

आणि ते खरोखरच गेले. पुण्यास भांडारकर संस्थेजवळ त्यांचे घर होते. सुटीच्या दिवशी पायांत भक्कम बूट, पाठीवर झोळी आणि हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन ते निघत. बरोबर बहुधा काही तरुण मित्र असत. मावळातील खेडी, जुन्नरचे डोंगर, इंद्रायणीचे खोरे, पुण्याभोवतीच्या टेकड्या असे ते हिंडत. वाटेत भेटेल त्या गुराख्याशी, धनगराशी, म्हाताऱ्या बाईशी ते बोलत. तुमची देवी कोणती, तिची जत्रा केव्हा भरते, तिला काय वाहतात, ती येथे कोठून आली, तिचा नवरा कोण, असे प्रश्न ते विचारीत. हार्वर्डचा हा पदवीधर निरक्षर माणसासमोर विद्यार्थी होऊन बसे. त्यांच्या घराजवळ कधी पारध्यांची पाले पडत. इतर लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. कोसंबींना मात्र त्यांच्या चालीरीतींत फार जुन्या काळच्या शिकारी जीवनाच्या खुणा दिसत.

या भटकंतीत काठीच्या टोकाने माती उकरता उकरता त्यांना एक खजिना सापडला. तो सोन्याचा नव्हता; गारगोटीसारख्या दगडाच्या बारीक बारीक पात्यांचा होता. नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी ही पाती हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हत्यारे होत. धातूचा शोध लागण्यापूर्वी लोक अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवून कातडे कापीत, मांस सोलीत. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावर, अगदी घराजवळसुद्धा, कोसंबींना ती मिळाली. संत तुकाराम महाराज देहूजवळच्या ज्या भंडारा डोंगरावर एकांतासाठी बसत, त्या परिसरातही ती मिळाली.

हळूहळू त्यांना एक संगती दिसू लागली. ही हत्यारे कोठेही विखुरलेली नव्हती. डोंगराच्या कडेकडेने जाणाऱ्या ठरावीक वाटांवर ती सापडत. आणि पुष्कळदा त्याच वाटांवर, गावापासून दूर, शेंदूर लावलेला एखादा तांदळा असे. तांदळा म्हणजे हात, पाय, तोंड न कोरलेला देवीचा ओबडधोबड पाषाण. गाव खाली नदीकाठी, सुपीक जमिनीत. देवी मात्र वर उजाड माळावर. वर्षातून एकदा सारा गाव तिच्याकडे चढून जातो. देवी गावाची असेल, तर ती गावात का नाही? कोसंबींनी उत्तर सुचविले, ते असे: देवी गावापेक्षा जुनी आहे. नांगर आला, जंगल तुटले, नदीकाठी वस्ती झाली, ते सर्व मागाहून. त्यापूर्वी माणसे या उंच वाटांनी फिरत आणि वाटेतील थांब्यावर आपल्या देवीची पूजा करीत. माणसे खाली उतरली. देवी आपल्या जागी राहिली.

माणसे अशी फिरत का होती, याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूगोलात आहे. लोणावळ्यास पावसाळ्यात धुवाधार पाऊस कोसळतो. तेथून जवळच असलेल्या पुण्यास त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही, आणि पूर्वेकडे जावे तसा मुलूख अधिकच कोरडा होत जातो. मेंढीला ओल सोसत नाही. सतत चिखलात राहिली तर तिचे खूर कुजतात आणि ती आजारी पडते. म्हणून पावसाळ्यात धनगर आपले कळप पूर्वेच्या कोरड्या प्रदेशात नेतात. पाऊस सरला आणि तिकडचे गवत वाळले की पुन्हा पश्चिमेकडे येतात. पश्चिमेचा शेतकरी त्यांची वाटच पाहत असतो. मेंढ्या शेतात बसविल्या की लेंडीखताने जमीन कसदार होते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य मिळते. ही ये-जा आज कालची नव्हे. गवत आणि पाणी यांच्या मागोमाग माणसे आणि जनावरे हजारो वर्षे याच दिशांनी फिरत आली असावीत, असा कोसंबींचा तर्क होता. डोंगरांनी आणि पावसाने वाटा आखल्या, वाटांनी थांबे ठरविले आणि थांब्यांवर देव बसले.

जेथे दोन वाटा एकमेकींना छेदतात, ती जागा विशेष महत्त्वाची. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या पहिल्याच अंकात चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी अर्पण करण्यास सांगतो. हे नाटक असंख्य लोकांनी वाचले होते. पण घरातल्या देवांची पूजा घरात झाल्यावर या मातांसाठी चव्हाट्यावरच का जायचे, असा प्रश्न कोसंबींना पडला. प्राचीन ग्रीस देशातही हेकटी नावाच्या देवीला लोक तिठ्यावर नैवेद्य ठेवीत. कोसंबींनी असे अनुमान केले की, फार पूर्वी निरनिराळ्या टोळ्या आपापल्या वाटांनी येत आणि वाटा मिळतात तेथे एकमेकींना भेटत. तेथे वस्तूंची देवाणघेवाण होई, सण होत, आणि म्हणून तेथेच मातृदेवतेचे स्थान निर्माण होई. पुढे नगरे वसली, रस्ते बांधले गेले, मूळ कारण लोक विसरले. पण मातांचे स्थान चव्हाट्यावरच राहिले.

हीच किल्ली त्यांनी कार्ल्याच्या कोड्याला लावली. कोकणातून घाटावर जाणाऱ्या वाटा मोजक्याच. सह्याद्री सर्वत्र चढता येत नाही. जेथे खिंड आहे तेथूनच जावे लागते. सोपारे, कल्याण, चौल या प्राचीन बंदरांतून परदेशचा माल येई. किनाऱ्यावर मीठ पिके, आणि मिठावाचून तर घाटावरच्या माणसाचे आणि जनावराचे चालतच नसे. नाणेघाटाने जुन्नरकडे आणि बोरघाटाच्या बाजूने मावळाकडे बैलांचे तांडे चढत. घाट चढून दमलेले व्यापारी जेथे थांबत, त्याच टापूत कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. नाणेघाटापलीकडे जुन्नरभोवतीही लेण्यांचे समूहच्या समूह आहेत. हा योगायोग नव्हे. भिक्षू अशाच ठिकाणी आले, जेथे आधीच माणसांची वर्दळ होती आणि जेथे जुन्या देवतांसाठी लोक जमत होते. तेथे राहून त्यांनी अहिंसेचा उपदेश केला, आणि व्यापाऱ्यांनी लेण्यांना दाने दिली. सुमारे १२४ फूट लांबीच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख आजही त्या दात्यांची ओळख सांगतात. त्यांत दूरच्या वैजयंती नगरीचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकट या गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे आणि लाकूडकाम करणारा सुतारही आहे.

कालांतराने व्यापाराचे मार्ग बदलले आणि भिक्षू निघून गेले. पण देवीचे स्थान टिकून राहिले. बंदराच्या वाटेनेच समुद्रकाठचे लोक आणि घाटावरचे लोक यांचे नाते जुळले होते. म्हणून कोळ्यांच्या पालख्या आज वाहनांनी घाट चढत असल्या, तरी त्यांची वाट मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या तांड्यांची आहे. तिची आठवण कागदावर कोणी लिहून ठेवली नाही. ती यात्रेने जपली.

देवांच्या कथांतही माणसांच्या हालचाली उमटतात, हे कोसंबींनी दाखविले. महाराष्ट्रात रानोमाळ म्हसोबाचा शेंदरी दगड दिसतो. म्हसोबाचा संबंध म्हशीशी, रेड्याशी. पुण्याजवळील वाकड येथे म्हातोबा नावाने त्याची पूजा होते आणि जोगूबाई ही त्याची पत्नी मानली जाते. दुसरीकडे पुराणात मात्र देवी महिषासुराचा वध करते. एकीकडे देवदेवीचे लग्न आणि दुसरीकडे युद्ध, हे कसे? कोसंबींच्या मते, गुरे राखणाऱ्या लोकांचा देव आणि रानात राहणाऱ्यांची देवी जेव्हा समोरासमोर आली, तेव्हा त्यांच्या भक्तांत कधी भांडण झाले, तर कधी सोयरीक. भांडणाची आठवण युद्धाच्या कथेत राहिली आणि सोयरिकीची आठवण लग्नाच्या कथेत. जेजुरीच्या खंडोबाची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याची एक पत्नी म्हाळसा वाण्याच्या घरची, तर दुसरी बाणाई धनगराची लेक. एकाच देवाच्या घरात वाणी आणि धनगर असे दोन्ही समाज नांदतात. निरनिराळे लोक एकत्र आले आणि मराठी समाज घडला, हेच जणू ती कथा आपल्या भाषेत सांगते.

पंढरीच्या वारीविषयीही त्यांनी असाच विचार केला. आषाढ महिना म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचा ऐन हंगाम. अशा वेळी शेतकरी काम बाजूला सारून देहू-आळंदीहून पूर्वेकडे पंढरपूरला पायी का निघतो? पावसाळ्याच्या तोंडी पूर्वेच्या कोरड्या मुलुखाकडे निघण्याची फार प्राचीन रीत तर या वाटेखाली दडलेली नसेल? संतांनी त्या वाटेवर भक्तीचा आणि समतेचा नवा प्रकाश पाडला. पण वाट मात्र त्याहूनही जुनी असावी, असे त्यांना वाटे.

आपल्या जन्मभूमीकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. गोव्यात गावकरी नावाची जुनी व्यवस्था होती. गावाची जमीन सर्व गावकऱ्यांनी मिळून राखावयाची आणि तिची व्यवस्था मिळून पाहावयाची. कोसंबींनी या ग्रामसंस्थांचा बारकाईने अभ्यास केला. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि कोकणची भूमी निर्माण केली, ही कथा किनाऱ्यावरील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. गोव्यात आणि उत्तर कोकणातही, भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी बांध घालून भाताची शेते तयार केलेली दिसतात. हे बांध एका बाणाने झाले नाहीत. असंख्य माणसांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून, पिढ्यान् पिढ्या ते घातले आणि राखले. समुद्राकडून जमीन मिळविल्याचा अभिमान कथेत आहे. ती मिळविणाऱ्या हातांची ओळख बांधाच्या मातीत आहे. कथा आणि बांध ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे कोकणचा खरा इतिहास कळू लागतो.

असा विचार मांडणे त्या काळी सोपे नव्हते. काही लोक पुराणातील प्रत्येक गोष्ट अक्षरशः घडली असे मानीत. देवाविषयी असे प्रश्न विचारणे त्यांना रुचत नसे. उलट काही सुशिक्षित लोक खेड्यापाड्यांतील देवदेवतांना अडाणीपणा म्हणून हसत. कोसंबींना दोन्ही बाजू अपुऱ्या वाटत. कथा जशीच्या तशी खरी मानली की शोध थांबतो; ती निरर्थक म्हणून फेकून दिली तरीही शोध थांबतोच. ते स्वतः कर्मकांडावर विश्वास ठेवणारे नव्हते. पण गरीब माणसाच्या श्रद्धेकडे त्यांनी तुच्छतेने कधी पाहिले नाही. कारण ज्यांच्याजवळ दुसरा कागद नाही, त्यांचा तोच दस्तऐवज आहे, हे ते जाणून होते.

त्यांचा स्वभाव तापट होता. आळस, खोटेपणा आणि पोकळ पांडित्य त्यांना खपत नसे, आणि ते स्पष्ट बोलून दाखवीत. त्यामुळे लोक दुखावत. उत्तरायुष्यात संधिवाताने त्यांना फार छळले. सांधे दुखत, पण डोंगर चढणे त्यांनी सोडले नाही. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची नवी दिशा दाखविणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६२ साली ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी देवीची स्थाने, चव्हाटे, यात्रांच्या वाटा आणि गोव्यातील गावे यांविषयीचे आपले संशोधन एकत्र आणले. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ आला आणि जगभर वाचला गेला. हे सर्व लेखन त्यांनी इंग्रजीत केले. पण त्यातील माती, दगड आणि माणसे पुष्कळशी महाराष्ट्राची आहेत.

भूतकाळात रमणारा हा पंडित वर्तमानाकडे पाठ फिरवून बसला नव्हता. अणुयुद्धाने मानवजातीचा नाश होईल या चिंतेने त्यांनी जागतिक शांततेच्या चळवळीत भाग घेतला. भारतासारख्या भरपूर ऊन असलेल्या गरीब देशाने अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीचा विचार करावा, असे त्यांनी १९५०च्या दशकातच आग्रहाने मांडले. तेव्हा ते फारसे कोणी ऐकले नाही. अशा मतभेदांमुळे संस्थेतील त्यांचे संबंध बिघडत गेले आणि १९६२ साली तेथील त्यांची नोकरी संपली. ते खचले नाहीत. गणित, इतिहास आणि भटकंती चालूच राहिली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. पुढे २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

कोसंबींचे सर्वच निष्कर्ष नंतरच्या संशोधकांनी मान्य केले असे नाही. धेनुकाकट हे गाव कार्ल्याजवळच होते असे ते म्हणत. इतर विद्वानांनी त्यासाठी वेगळ्या जागा सुचविल्या. काही तर्क नव्या पुराव्यांनी सुधारावे लागले. पण शास्त्राची रीत हीच असते. नाण्याचे वजन दुसऱ्यानेही करून पाहावे, वाट दुसऱ्यानेही चालून पाहावी, आणि चूक आढळल्यास ती दाखवावी, अशीच त्यांची अपेक्षा होती. उत्तरांपेक्षा मोठी अशी एक देणगी त्यांनी मागे ठेवली: प्रश्न विचारण्याची रीत.

त्या रीतीची गरज आज अधिकच आहे. टेकड्या फोडल्या जात आहेत, माळांवर वसाहती उभ्या राहत आहेत, जुन्या वाटा रुंद रस्त्यांखाली जात आहेत. मुंबई हे नाव मुंबादेवीवरून आले आणि ती तेथील मूळच्या कोळ्यांची देवी, हे पुष्कळांना ठाऊक असते. कारण ते शहराच्या नावातच राहिले. सगळ्याच आठवणी इतक्या भाग्यवान नसतात. १९७० पासून खाडीपलीकडे नवी मुंबई वसू लागली, तेव्हा ती ओसाड जमिनीवर वसली नाही. ९५ गावांच्या जमिनीवर वसली. त्या गावांच्या गावदेवी आज इमारतींच्या दाटीत, रस्त्याच्या कडेला, एखाद्या जुन्या झाडाखाली उभ्या आहेत. तेथे आता क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहती आहेत. पण देवीचे नाव, तिच्या जत्रेचा दिवस आणि तिच्या पालखीची वाट ही मिळून त्या गावाची जुनी वेस कोठे होती, पाणी कोठे होते, होड्या कोठे लागत, हे सांगू शकतात. मात्र ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे वृद्ध होत चालली आहेत. त्यांना वेळेवर कोणी विचारले नाही, तर दगड राहील आणि त्याची गोष्ट जाईल.

ही गोष्ट मिळविण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. डोळे उघडे हवेत, पाय चालते हवेत आणि समोरच्या साध्या माणसाविषयी मनात आदर हवा. एवढी सामग्री घेऊन कोसंबी घराबाहेर पडले, आणि ज्या दगडांवरून लोक रोज चालत होते, त्याच दगडांत त्यांना आपल्या पूर्वजांची पावले दिसली.